टेस्टमध्ये एसटीडी-आउट आणि एसटीडी-एरर: एकत्र पकडायचे की वेगळे?

कोरीवही (धागाकर्ती)

चार दिवस एकाच टेस्टमागे लागले आहे, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

पायथनमध्ये लिहिलेलं एक कमांड-लाइन टूल आहे. ते सीएसव्ही फाइल वाचतं, तपासतं, निकाल एसटीडी-आउटवर (नेहमीच्या आउटपुटची वाट, म्हणजे स्ट्रीम) लिहितं आणि खटकलेल्या गोष्टींचे इशारे एसटीडी-एररवर (तक्रारींची वेगळी स्ट्रीम). टेस्टमध्ये मी सबप्रोसेसने (एका प्रोग्राममधून दुसरा चालवणारं पायथनचं मॉड्यूल) टूल चालवते, एरर स्ट्रीम आउटपुटमध्येच वळवते आणि जे काही येईल ते आधी जपून ठेवलेल्या ‘अपेक्षित’ फाइलशी अक्षर न् अक्षर ताडून बघते. अपेक्षित फाइल मी टर्मिनलवरूनच कॉपी करून ठेवली होती. ती अशी:

इशारा: अनोळखी स्तंभ ‘क्रमांक’, वगळला
नोंदी १ ते ४६ ठीक
इशारा: नोंद ४७, तारीख रिकामी
नोंदी ४८ ते १२० ठीक

माझ्या मशीनवर टेस्ट पास. सीआय सर्व्हरवर (कोड बदलला की आपोआप टेस्ट चालवणारं मशीन) मात्र हे येतं:

इशारा: अनोळखी स्तंभ ‘क्रमांक’, वगळला
इशारा: नोंद ४७, तारीख रिकामी
नोंदी १ ते ४६ ठीक
नोंदी ४८ ते १२० ठीक

शब्द तेच, ओळी तेवढ्याच, फक्त क्रम वेगळा. मध्ये अर्धा-अर्धा सेकंद थांबून पाहिलं, काही फरक नाही. पायथनची आवृत्ती दोन्हीकडे एकच आहे. हे असं का होतं, आणि अशा टूलची टेस्ट मुळात लिहायची कशी?

शून्यएकदोन

थांबून उपयोग होणार नाही, कारण इथे वेळेचा प्रश्न नाही. ओळ लिहिली गेली आहे, पण ती अजून प्रोग्रामच्या बाहेरच पडलेली नाही.

एसटीडी-आउट टर्मिनलला जोडलेलं असेल तर प्रत्येक ओळ संपली की मजकूर बाहेर जातो. तेच पाइपला (एका प्रोग्रामचं आउटपुट दुसऱ्याकडे नेणारी वाट) किंवा फाइलला जोडलं, की मजकूर बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, साठत राहतो आणि बफर भरला किंवा प्रोग्राम संपला की एकदम बाहेर पडतो. पायथनमध्ये हा बफर निदान काही हजार बाइटचा असतो. तुमच्या दोन ओळी त्याच्या कोपऱ्यातही मावतात. एसटीडी-एररचा नियम वेगळा. सी भाषेत तो बफर न करता थेट लिहिला जातो. पायथन ३.९ पासून तो कुठेही जोडलेला असो, ओळीगणिक बाहेर पडतो. त्यामुळे पाइपमध्ये इशारे लगेच पोचतात आणि निकालाच्या ओळी प्रोग्राम संपताना. सर्व्हरवर दिसतंय ते अगदी नियमाप्रमाणे आहे.

खरं कोडं उलट आहे: तुमच्या मशीनवरही टेस्ट पाइपमधूनच चालते, मग तिथे ती पास कशी होते? तुमच्या शेलमध्ये ‘पायथन-अनबफर्ड’ हे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ते हा बफर बंद करतं) लावलेलं आहे का, ते बघा.

कोरीवही

लावलेलं आहे! कंटेनरमधले लॉग लगेच दिसावेत म्हणून कधीतरी प्रोफाइल फाइलमध्ये टाकलं होतं, ते तिथेच राहिलं. काढल्याबरोबर माझ्याकडेही टेस्ट फेल झाली. चार दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

मग आता सर्व्हरवरही तेच व्हेरिएबल लावलं तर प्रश्न मिटेल ना?

शून्यएकदोन

टेस्ट पास होईल, पण प्रश्न मिटणार नाही. तुमचं टूल वापरणारा माणूस ते व्हेरिएबल लावून बसलेला नसेल. तो निकाल फाइलमध्ये वळवेल, इशारे पडद्यावर वाचेल, आणि त्याला तो एकमेकांत गुंफलेला क्रम कधी दिसणारच नाही. म्हणजे टूल जे वचन देतच नाही, ते तुमची टेस्ट तपासते आहे.

एका स्ट्रीममधल्या ओळींचा आपसातला क्रम पक्का असतो. दोन स्ट्रीममध्ये मिळून असा कोणताही क्रम नसतो. त्या दोन वेगळ्या वाटा आहेत. दोन्ही एकाच पाइपमध्ये सोडल्या की कुठला तरी क्रम ‘दिसतो’ आणि आपण त्यावर विसंबतो. माझं मत स्पष्ट आहे: टेस्टमध्ये या दोन्ही वेगळ्याच पकडा. एसटीडी-आउटची ताडणी वेगळी, एसटीडी-एररची वेगळी, आणि एक्झिट कोडची (प्रोग्राम संपताना देतो तो आकडा, ० म्हणजे ठीक) तिसरी. एक्झिट कोड बहुतेक टेस्टमध्ये राहूनच जातो.

ओळखूण

थोडा इतिहास, कारण तो इथे थेट लागू आहे. १९७३ मध्ये युनिक्समध्ये पाइप आले तेव्हा प्रोग्रामला बाहेर बोलायला एकच वाट होती. बेल लॅब्जमध्ये फोटोटाइपसेटरवर मजकूर जुळवायला पाठवला जायचा, आणि मध्येच प्रोग्रामची काही तक्रार आली की तीही मजकुरासोबत जुळवली जायची. माणसाला पडद्यावर काहीच कळायचं नाही, कळायचं ते छापील कागद हातात आल्यावर. असे काही कागद वाया गेल्यावर तक्रारींसाठी वेगळी वाट काढली, तीच डिस्क्रिप्टर २, म्हणजे एसटीडी-एरर (डिस्क्रिप्टर म्हणजे उघड्या वाटेचा क्रमांक; एसटीडी-आउटचा १).

म्हणजे निकाल आणि तक्रार वेगळी राहावी एवढ्याचसाठी ती वाट जन्मली. टेस्टमध्ये आपण त्या पुन्हा एक करतो तेव्हा नेमकी तीच सोय घालवतो.

तळटीप

+१. वेगळं पकडायचं हे ठरलं, पण कुठल्या थरावर पकडायचं हा प्रश्न त्याहून मोठा आहे, आणि निम्मे घोळ तिथेच होतात.

सगळ्यात वरचा थर म्हणजे भाषेतला ऑब्जेक्ट. पायथनमध्ये सिस-डॉट-एसटीडीआउट हे शेवटी एक नाव आहे, त्यावर दुसरा ऑब्जेक्ट बसवता येतो. पायटेस्टचं (पायथनचं टेस्ट चालवणारं साधन) कॅपसिस हेच करतं, कॉन्टेक्स्टलिबमधलं रीडायरेक्ट-एसटीडीआउटही हेच. पायथनच्या प्रिंटसाठी एवढं पुरतं. पण तुम्ही सी मध्ये लिहिलेली एखादी लायब्ररी वापरत असाल आणि ती स्वतः प्रिंट करत असेल, तर तिला या नावाचा पत्ताच नसतो. ती सरळ डिस्क्रिप्टर १ वर लिहिते. चाइल्ड प्रोसेसचंही तेच.

त्याखालचा थर डिस्क्रिप्टरचा. इथे काय होतं ते एकदा नीट समजून घेण्यासारखं आहे. आधी डिस्क्रिप्टर १ ची एक प्रत डुप या सिस्टिम कॉलने बाजूला ठेवायची. मग एक तात्पुरती फाइल उघडून डुप-टू ने ती डिस्क्रिप्टर १ च्या जागी बसवायची. आता जो कोणी १ वर लिहील, मग तो पायथन असो, सी असो वा चाइल्ड प्रोसेस, त्याचं लिखाण या फाइलमध्ये जातं. काम झालं की बाजूला ठेवलेली प्रत परत जागेवर. पायटेस्टचं कॅपएफडी असंच चालतं, आणि पायटेस्ट स्वतःही न सांगता याच थरावर पकडत असतं. टेस्ट फेल झाली की खाली ‘कॅप्चर्ड एसटीडीआउट’ म्हणून जे दिसतं ते त्यातलंच. टेस्ट पास झाली तर ते दाखवलं जात नाही.

इथे एक खाच आहे. सी लायब्ररीचा स्वतःचा बफर वेगळा असतो. अदलाबदल करण्याआधी तो फ्लश (बाहेर लिहून रिकामा) झाला नाही, तर या टेस्टमधला मजकूर पुढच्या टेस्टच्या पदरात पडतो. एकटी चालवली की पास आणि सगळ्यांसोबत चालवली की फेल, अशी टेस्ट दिसली की मी आधी हेच तपासतो.

तिसरा थर म्हणजे पूर्ण प्रोसेस. धागाकर्ती तेच करते आहे. सगळ्यात खरं, पण सगळ्यात संथ.

कॅपसिस आणि कॅपएफडीमधून मजकूर काढणाऱ्या रीडआउटएर बद्दल एक: ते मजकूर देतं आणि त्याच वेळी साठा रिकामा करतं. दोनदा हाक मारली तर दुसऱ्यांदा रिकामी स्ट्रिंग येते. टेस्टच्या मधोमध ‘आत्तापर्यंत काय आलं’ हे बघायला ते छान, पण माहीत नसेल तर तासभर जातो.

दीपमाळ

सबप्रोसेसच्या थरावर काम करणार असाल तर पाइप तुंबण्याबद्दल आधीच सांगते, कारण मी यात पुरती अडकले होते.

आमच्या एका टेस्टमध्ये सबप्रोसेसच्या पोपेनने प्रोग्राम सुरू करून दोन्ही स्ट्रीम दोन पाइपना जोडल्या होत्या. आधी वेट करायचं, मग वाचायचं, असा कोड होता. कित्येक महिने सुरळीत चाललं. मग कोणीतरी मोठी, चुकांनी भरलेली नमुना फाइल घातली आणि टेस्ट अडकून बसली. ना फेल, ना पास. शेवटी वेळमर्यादा संपून बिल्ड मारली जायची.

लिनक्सवर पाइपमध्ये एरवी ६५,५३६ बाइट मावतात. तो भरला की लिहिणारा थांबतो, समोरचा वाचेपर्यंत. समोरचा म्हणजे आमची टेस्ट, आणि ती प्रोग्राम संपायची वाट बघत होती. दोघं एकमेकांसाठी थांबलेले. आमचे इशारे मराठीत होते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रासुद्धा, ३ बाइट घेतं. इशाऱ्याची एक ओळ म्हणजे साधारण ३५ चिन्हं आणि ५ जागा, मिळून ११० बाइट. सहाशेच्या आतबाहेर इशारे झाले की पाइप तुडुंब. तेच इशारे इंग्रजीत असते तर कदाचित पंधराशेपर्यंत कळलंच नसतं.

उपाय सोपा आहे: वेट न वापरता कम्युनिकेट वापरा, किंवा सरळ सबप्रोसेसचं रन. ते दोन्ही पाइप एकाच वेळी वाचत राहतात. पायथनच्या दस्तऐवजात हा इशारा ठळक दिलेला आहे, आम्हीच वाचला नव्हता. दुसरा मार्ग म्हणजे पाइपऐवजी तात्पुरती फाइल द्या. फाइल तुंबत नाही.

याचंच भावंड म्हणजे मागे राहिलेला चाइल्ड प्रोसेस. तुमच्या प्रोग्रामने मागे एखादा सर्व्हर सुरू ठेवला आणि स्वतः संपला, तरी त्या सर्व्हरने वारशाने आलेलं पाइपचं लिहिण्याचं टोक धरून ठेवलेलं असतं. वाचणाऱ्याला ‘संपलं’ ही खूण मिळतच नाही. शेलच्या टेस्टसाठी बॅट्स वापरणाऱ्यांना हे डिस्क्रिप्टर ३ मुळे भोगावं लागतं. मागे राहणाऱ्या प्रोसेससाठी ३ बंद करा, असं त्यांच्या दस्तऐवजातच सांगितलं आहे. बॅट्सचाच विषय निघाला म्हणून: त्याचं ‘रन’ दोन्ही स्ट्रीम एकत्र करून देतं. १.५.० पासून वेगळं मागण्याचा पर्याय आला आहे, तो वापरा.

पाणवठा

जावामध्ये सिस्टिम-डॉट-सेटआउट आणि सेटएर ने हेच होतं. पण ती अदलाबदल संपूर्ण जेव्हीएमसाठी (जावा प्रोग्राम चालवणारी प्रोसेस) असते. समांतर टेस्ट चालवल्या की एकीचा मजकूर दुसरीच्या झोळीत. फायनली ब्लॉकमध्ये मूळ स्ट्रीम परत लावायला विसरलात तर पुढच्या सगळ्या टेस्ट मुक्या होतात.

आणि मेव्हनवाल्यांनो, शुअरफायर (मेव्हनचं टेस्ट चालवणारं प्लगइन) ‘एसटीडीआउट करप्टेड’ अशी तक्रार करत असेल तर ती हसण्यावारी नेऊ नका. फोर्क केलेली, म्हणजे टेस्टसाठी वेगळी सुरू केलेली, जेव्हीएम आपले निकाल त्याच वाटेने मुख्य प्रोसेसला कळवत असते. एखादी नेटिव्ह लायब्ररी मध्येच त्या वाटेवर लिहिते, म्हणून ती तक्रार येते.

शून्यएकदोन

हे सगळीकडे आहे. टॅप प्रोटोकॉलमध्येही (टेस्टचे निकाल कळवायचा मजकुराचा साचा) टेस्टचे निकाल एसटीडी-आउटवरून जातात, म्हणून पर्लच्या टेस्ट-मोअरमध्ये टिपा लिहिणारं डायग एसटीडी-एररवर लिहितं. पायटेस्टच्या एक्सडिस्टमध्ये (टेस्ट समांतर चालवणारं प्लगइन) मायनस एस (आउटपुट न पकडण्याचा पर्याय) का चालत नाही, याचंही मूळ तेच: वर्करची ती वाट निरोपांसाठी अडकलेली असते.

कोरीवही

तळटीप, तुमच्या थरांवरून मी मुख्य फंक्शनला थेट हाक मारून कॅपसिसने पकडायला गेले. कॅपसिसमध्ये काहीच येत नाही! मजकूर तर पडतोय, कारण फेल झाल्यावर खाली दिसतो. फंक्शनची सही (आर्ग्युमेंटची यादी) अशी: पहिलं आर्ग्युमेंट फाइलचा मार्ग, दुसरं ‘आउट’, आणि त्याची डिफॉल्ट किंमत सिस-डॉट-एसटीडीआउट.

तळटीप

ती डिफॉल्ट किंमतच कारण आहे. पायथन डिफॉल्ट किंमत फंक्शन बनताना एकदाच काढून ठेवतं, म्हणजे मॉड्यूल इम्पोर्ट होताना. त्यावेळी सिस-डॉट-एसटीडीआउट जे होतं तेच तुमच्या फंक्शनने कायमचं धरून ठेवलं. नंतर कॅपसिसने त्या नावावर दुसरा ऑब्जेक्ट बसवला, पण तुमच्या हातात जुनाच. डिफॉल्ट किंमत ‘नन’ ठेवा आणि फंक्शनच्या आत, नन असेल तर सिस-डॉट-एसटीडीआउट घ्या.

लॉगिंगचंही हेच दुखणं आहे. स्ट्रीमहँडलर बनतो तेव्हाचा एसटीडी-एरर तो धरून ठेवतो. एखाद्या टेस्टमध्ये तो बनला, टेस्ट संपली, पायटेस्टने आपला तात्पुरता ऑब्जेक्ट बंद केला, आणि पुढच्या टेस्टमध्ये लॉग लिहायला गेलं की ‘बंद फाइलवर क्रिया’ अशी व्हॅल्यूएरर. लॉग तपासायचे असतील तर स्ट्रीमच्या नादी लागूच नका, पायटेस्टचं कॅपलॉग वापरा. तिथे मजकुरासोबत पातळीही मिळते.

बाकी तुमची सही मला आवडली. ‘आउट’ आणि ‘एर’ दोन्ही आर्ग्युमेंट म्हणून घ्या. टेस्टमध्ये दोन स्ट्रिंगआयओ (मेमरीतल्या फाइलसारखे ऑब्जेक्ट) द्या आणि त्यातलं वाचा. काही अदलाबदल करायला नको, परत लावायला नको, समांतर टेस्टची भीती नाही. बहुतेक टेस्ट अशा, आणि पूर्ण प्रोसेस चालवणाऱ्या दोन-तीनच.

ओळखूण

एरर संदेशाचे शब्द अक्षर न् अक्षर तपासावेत का? माझं मत, नाही. तो माणसाने वाचायचा मजकूर आहे, कोणीतरी तो सुधारणार, शुद्धलेखन नीट करणार, आणि प्रत्येक वेळी वीस टेस्ट मोडणार. एक्झिट कोड आणि एखादा ठाम शब्द, जसं नोंदीचा आकडा, एवढं पुरे.

दीपमाळ

अर्धंच पटतं. नोंद ४७ ऐवजी ‘काहीतरी चुकलं’ एवढंच लिहिणारं टूलही तुमच्या एक्झिट कोडच्या टेस्टमधून पास होईल. आकडा तपासा म्हणता ते बरोबर, पण मी आणखी एक मागेन: ज्या टेस्टमध्ये काही बिघडायचं नाही, तिथे एसटीडी-एरर पूर्ण रिकामा असला पाहिजे. ‘त्यात अमुक शब्द आहे का’ याहून ‘त्यात काहीच नाही ना’ ही तपासणी कितीतरी जास्त पकडते.

ओळखूण

हे मान्य. रिकामेपणाची तपासणी मी लिहीत नव्हतो, लिहायला हवी.

पाणवठा

मराठी संदेश असतील आणि टेस्ट विंडोजवरही चालत असतील तर एन्कोडिंग सांभाळा. कन्सोलवर पायथन ३.६ पासून देवनागरी नीट जाते, पण पाइप लावला की बऱ्याच मशीनवर जुनं कोडपेज (विंडोजचं जुनं एन्कोडिंग) लागू होतं आणि प्रिंटच युनिकोड-एन्कोड-एरर देतं. एसटीडी-एररवर मात्र तसं होत नाही, तो न जमणारं अक्षर उलटी रेघ आणि आकड्यांत बदलून लिहितो. त्यामुळे टूल कोसळतं आणि कोसळल्याचा संदेशही वाचता येत नाही. चाइल्ड प्रोसेसला यूटीएफ-८ मोड लावून द्या, आणि वाचतानाही एन्कोडिंग स्पष्ट सांगा.

कोरीवही

कालची संध्याकाळ आणि आजची सकाळ या कामात गेली. काय झालं ते लिहिते.

‘आउट’ आणि ‘एर’ आर्ग्युमेंट केले. जुनी एकत्र ताडणारी टेस्ट फोडून तीन केल्या. मग दीपमाळ यांच्या सांगण्यावरून एक नवी लिहिली: १० नोंदींची पूर्ण निर्दोष फाइल, एक्झिट कोड ०, एसटीडी-एरर रिकामा.

ती फेल झाली. एसटीडी-एररमध्ये ही ओळ होती:

इशारा: अनोळखी स्तंभ ‘क्रमांक’, वगळला

पहिल्या पोस्टमध्ये मी जे आउटपुट दिलंय त्यातही ती आहे, सगळ्यात वर. अपेक्षित फाइलमध्ये होती, म्हणून मी ती कधी वाचलीच नाही. पण ‘क्रमांक’ हा अनोळखी स्तंभ नाही! टूलच्या यादीतलं पहिलंच नाव ते आहे. दोन्ही नावं शेजारी ठेवली तर डोळ्यांना तंतोतंत सारखी. मग लांबी मोजली. यादीतल्या ‘क्रमांक’ची ७ चिन्हं, फाइलमधल्याची ८.

आठवं चिन्ह सगळ्यात पुढे, न दिसणारं: बाइट-ऑर्डर मार्क. नमुना फाइल स्प्रेडशीटमधून यूटीएफ-८ सीएसव्ही म्हणून काढली होती, आणि स्प्रेडशीटने ते चिन्ह फाइलच्या सुरुवातीला घातलं. मी फाइल साध्या यूटीएफ-८ ने उघडत होते, त्यामुळे ते पहिल्या स्तंभाच्या नावाला चिकटलं. म्हणजे अशा प्रत्येक फाइलचा पहिला स्तंभ माझं टूल गुपचूप टाकून देत होतं. गुपचूप तरी कसं म्हणू, दर वेळी इशारा देत होतं. तो इशारा मीच अपेक्षित म्हणून जपून ठेवला होता.

फाइल आता यूटीएफ-८-सिग ने उघडते. ते चिन्ह असेल तर काढतं, नसेल तरी चालतं. दोन्ही प्रकारच्या फाइलसाठी टेस्ट घातली. प्रोफाइल फाइलमधलं व्हेरिएबल काढून टाकलं. सर्व्हरवर सगळं पास आहे, आणि १२० नोंदींच्या टेस्टची एसटीडी-एररची अपेक्षित फाइल आता एका ओळीची आहे:

इशारा: नोंद ४७, तारीख रिकामी